बारीक पानांचा जेड: पाणी बेतानं, कात्री सढळ हातानं

जेड प्लांट म्हणून रोपवाटिकेत दोन वेगळी झाडं मिळतात आणि नवख्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. एकाची पानं अंगठ्याएवढी, जाडजूड आणि खोड मांसल, करडं. ते क्रासुला ओव्हाटा. दुसऱ्याची पानं नखाएवढी, गोलसर, चकचकीत आणि कोवळ्या फांद्या लालसर तपकिरी; ते पोर्तुलाकारिया आफ्रा. हा लेख या दुसऱ्या झाडाचा आहे. दोघांची निगा बरीचशी सारखी असली, तरी घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर फरक महत्त्वाचा ठरतो. क्रासुलाची पानं त्यांच्या पोटात गेली तर उलट्या होऊ शकतात, पोर्तुलाकारियाची पानं बाधत नाहीत. आणि फांदी मोडल्यावर पांढरा दुधाळ चीक आला, तर ते या दोघांपैकी कुठलंच नाही. शेराच्या कुळातलं काहीतरी असणार. तो चीक डोळ्यांना आणि कातडीला वाईट, त्यामुळे हात लगेच साबणानं धुवा आणि डोळे चोळू नका.

हे झुडूप मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचं. तिथल्या ईस्टर्न केप प्रांतात खडकाळ, कोरड्या उतारांवर त्याची दाट झाडी आहे आणि ते सहज दोन-तीन मीटर उंच होतं. आफ्रिकान्स भाषेत त्याला स्पेकबूम म्हणतात. १९३१ साली स्थापन झालेल्या आड्डो एलिफंट राष्ट्रीय उद्यानातल्या हत्तींचं हे आवडतं खाद्य. हत्ती वरून शेंडे मोडतात, खाताना काही फांद्या खाली पडतात आणि त्या पडल्या जागी मुळं धरून नवी झुडपं होतात. शेळ्या मात्र खालून खातात. जमिनीलगतच्या फांद्या संपल्या की झुडपाला पसरायला जागाच उरत नाही आणि जास्त चराई झाली तर ते रान विरळ होत जातं.

हे सांगायचं कारण असं की कुंडीतल्या झाडाची सगळी निगा यातूनच कळते. वरून मोडणं, छाटणं या झाडाला सोसतं, किंबहुना मानवतं. खडकाळ उतारावर वाढल्यामुळे साचलेलं पाणी त्याला ठाऊक नाही. नवी मंडळी नेमकं उलट करतात: कात्री लावायला जीव धजत नाही आणि पाणी मात्र रोज पडतं.

रोप घेताना

मोठं, भरगच्च रोप पाहून भुलू नका. बुंध्याशी मातीलगत बोटानं हलकेच दाबून पाहा. खोड टणक लागलं पाहिजे. मऊ, दबणारं लागलं तर आत कूज सुरू आहे, ते रोप घेऊ नका. मग पानांच्या बगला पाहा. तिथे कापसाचे बारीक पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पानांवर थोड्या सुरकुत्या असल्या तर हरकत नाही, तहानलेलं रोप पाण्यानं सावरतं. मला तर टवटवीत पण चिखलात बसलेल्या रोपापेक्षा किंचित सुकलेलं रोप जास्त भरवशाचं वाटतं.

घरी आणलं की लगेच कुंडी बदलायची घाई नको. आठ-दहा दिवस उजेडात, इतर झाडांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात दिसते आणि झाडालाही नव्या जागेची सवय होते. या दिवसांत थोडी पानं गळतात, त्याची काळजी करू नका.

माती आणि कुंडी

बहुतेक रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये किंवा चिकट मातीत येतात. दोन्ही या झाडाला दीर्घकाळ चालत नाहीत. कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेईनासं होतं. चिकट माती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

मिश्रण सोपं आहे. अर्धा भाग खरखरीत, न कुजणारा पदार्थ: पमिस (ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड), परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे), जाडी धुतलेली वाळू, फुटकी वीट ठेचून केलेले तुकडे, जे मिळेल ते. दाणे साधारण ३ ते ५ मिलिमीटरचे असावेत. उरलेल्या अर्ध्यात बागेची भुसभुशीत माती आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट. विटेचे तुकडे वापरणार असाल तर चाळून त्यांची धूळ काढून टाका. या पायरीचा कंटाळा करू नका. बारीक धूळ दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि मग खरखरीत घातलेल्याचा काही उपयोग राहत नाही. बांधकामाची मऊ बारीक वाळूही याच कारणानं नको.

मिश्रण जमलं की नाही हे पाहायला कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तळं करून थांबलं तर खरखरीत भाग वाढवा. ओतताक्षणी झिरपून खालून धार लागली म्हणजे झालं.

कुंडी मातीची असेल तर उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओल उडून जाते. प्लास्टिकची चालते, फक्त पाणी आणखी बेतानं. तळाला भोक हवंच. भोक नसलेल्या सुंदर भांड्यात हे झाड लावू नका. आकार मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन बोटं मोठा, एवढाच. मोठ्या कुंडीतली मुळांपासून लांबची माती कोणी शोषत नाही, ती ओलीच राहते आणि कूज तिथून येते.

तळाशी खापऱ्या किंवा खडींचा थर देण्याची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या थरात आपणहून उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय ते खाली जात नाही. म्हणजे थर दिल्यानं ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा.

ऊन

रोज चार ते सहा तास थेट ऊन मिळालं तर झाड दाट आणि ठेंगणं वाढतं. भरपूर उन्हात पानांच्या कडांना लालसर झाक येते, तो आजार नव्हे. उजेड कमी पडतोय हे ओळखायचं तर दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर पाहा. अंतर वाढत चाललं, फांद्या लांबुळक्या होऊन उजेडाकडे झुकल्या, पानं मोठी पण पातळ झाली, की समजावं जागा बदलायला हवी. आधीच लांबलेला भाग पुन्हा आखूड होत नाही; तो छाटूनच टाकावा लागतो.

घरात ठेवणार असाल तर सर्वांत उजेडाच्या खिडकीच्या अगदी काचेजवळ. खोलीच्या कोपऱ्यात माणसाला उजेड वाटतो, झाडाला तिथे अंधारच असतो. आणि सावलीतलं झाड एकदम भर उन्हात नेऊन ठेवू नका. पानं भाजून त्यावर फिकट, कोरडे डाग पडतात. आधी सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण ऊन.

थंडीचंही इथेच सांगून टाकतो. तापमान ५ अंशांच्या खाली जायला लागलं की झाड आडोशाला किंवा घरात घ्या. थोडी थंडी ते सोसतं, पण दंव पडलं की पानं आणि कोवळ्या फांद्या काळ्या पडून गळतात.

पाणी: सगळं इथेच ठरतं

किती दिवसांनी पाणी घालायचं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. कुंडीचा आकार, मिश्रण, ऊन, वारा, ऋतू, यातलं काहीही बदललं की हिशोब बदलतो. झाडाला विचारा.

बुंध्याजवळचं एक जुनं पान चिमटीत धरून हलकेच दाबा. भरलेलं पान ताठ असतं, वाकत नाही. पाणी कमी झालं की पान किंचित मऊ लागतं, जरासं वाकतं आणि त्यावर बारीक सुरकुती दिसू लागते. त्याच वेळी कुंडी उचलून पाहा. कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते. मोठी कुंडी उचलत नसेल तर लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडी कोरडी निघाली, पान मऊ आहे, म्हणजे पाणी द्यायची वेळ झाली.

आणि द्यायचं तेव्हा पोटभर द्या. रोज थोडं थोडं शिंपडल्यानं फक्त वरचा थर भिजतो, खालची मुळं वाळतात आणि वरची सतत ओली राहतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. संपूर्ण माती भिजून भोकातून पाणी वाहू द्या, दहा-पंधरा मिनिटांनी खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका, आणि पुन्हा माती वाळेपर्यंत हात लावू नका.

हे झाड पाण्याचं वैरी मात्र नाही आणि इथे पुष्कळ जण दुसऱ्या टोकाला जातात. पाण्याची टंचाई असली की पोर्तुलाकारिया पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्रीच्या गारव्यात उघडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतं. अशा दिवसांत पान सकाळी जास्त आंबट आणि संध्याकाळी कमी आंबट लागतं, ते या आम्लामुळेच. पाणी पुरेसं मिळालं की तेच झाड दिवसा छिद्रं उघडून इतर झाडांसारखं भराभर वाढतं. निवडुंग समजून त्याला महिनोन्‌महिने कोरडं ठेवलं तर ते मरणार नाही, पण वाढणारही नाही. उबदार दिवसांत, भरपूर ऊन असताना, निचरा चांगला असेल तर माती वाळली की लगेच पाणी द्यायला मागेपुढे पाहू नका. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा माती वाळल्यावरही आणखी काही दिवस थांबा. पावसाची झड लागली तर कुंडी आडोशाला सरकवा.

सुरकुतलेलं पान नेहमी तहानेचंच असतं असं नाही, ही गोष्ट नीट समजून घ्या. मुळं कुजली की ती पाणी शोषू शकत नाहीत, आणि वरून पाहिलं तर झाड तहानलेलंच दिसतं. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. फरक असा ओळखावा: तहानेचं पान सुरकुतलेलं असतं पण हिरवं असतं आणि फांदीला घट्ट धरून असतं, माती कोरडी असते. कुजीचं पान पिवळट, पाणीदार होतं आणि स्पर्श करताच गळतं. माती ओली असते, बुंधा मऊ लागतो, कधी वासही येतो. शंका राहिली आणि माती कोरडी असली तर एकदा पोटभर पाणी देऊन दोन-तीन दिवस पाहा. पानं पुन्हा फुगली तर तहान होती. तशीच राहिली तर झाड उपसून मुळं पाहायला हवीत.

कुजलेली मुळं काळपट, लिबलिबीत असतात आणि ओढली की साल निसटते. अशा वेळी बुंधा वाचवायच्या मागे लागू नका. वरच्या टणक, निरोगी फांद्या कापून घ्या. कापावर आत तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर आणखी वर कापा, आतला भाग स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत. या फांद्यांपासून झाड पुन्हा उभं करता येतं.

फांदीपासून नवं रोप

पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब फांदी घ्या. त्याहून जाड फांदीही लागते. कात्री आधी स्पिरिटनं पुसून घ्या. खालच्या तिसऱ्या भागाची पानं काढून टाका आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी आडवी ठेवून द्या. चार ते सात दिवसांत काप वाळून त्यावर कोरडी खपली धरते. ओला काप तसाच मातीत गेला की तिथून कूज शिरते, म्हणून ही वाट पाहणं टाळू नका. मुळं फुटण्याच्या पावडरीची गरज नाही.

मग वरच्याच मिश्रणात, खरखरीत भाग थोडा वाढवून, फांदी दोन-तीन पेरं आत जाईल इतकी खोचा. डोलत असेल तर काडीचा आधार द्या, कारण हलत्या फांदीची नाजूक मुळं तुटतात. कुंडी उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. पहिले तीन-चार दिवस पाणी नाही, नंतर माती जेमतेम दमट राहील इतकंच. उबेत दोन ते चार आठवड्यांत मुळं धरतात. रोज उपटून पाहू नका. फांदी हलकेच वर ओढल्यावर अडल्यासारखी वाटली की मुळं आली, आणि शेंड्याला नवी चकचकीत पानं दिसू लागली की शंकाच नको. तेव्हापासून पोटभर पाणी आणि हळूहळू ऊन.

एकेका पानापासून क्रासुला सहज होतो, हे झाड सहसा होत नाही. पानाला मुळं आली तरी पुढे कोंब येईलच असं नाही. छाटलेल्या फांद्या एवढ्या मिळतात की पानांवर वेळ घालवायची गरज पडत नाही.

छाटणी

आता मला या झाडातला सगळ्यात आवडता भाग. एक फांदी डोळ्यांजवळ धरून निरखून पाहा. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं येतात. एक जोडी डावी-उजवी असेल, तर तिच्या वरची पुढे-मागे, तिच्या वरची पुन्हा डावी-उजवी. प्रत्येक पानाच्या बगलेत एक सुप्त डोळा असतो. शेंडा असेपर्यंत हे डोळे बहुधा दबून राहतात. शेंडा कापला की कापाखालच्या जोडीतले दोन्ही डोळे फुटतात आणि एका फांदीच्या दोन होतात. त्या दोन कुठल्या दिशेला जातील हे आधीच दिसतं: पानांची जोडी ज्या दिशांना आहे, त्याच दिशांना. झाड बाजूला पसरवायचं असेल तर डाव्या-उजव्या जोडीच्या वर कापा, खोली द्यायची असेल तर पुढच्या-मागच्या जोडीच्या वर.

काप अगदी जोडीला चिकटून घेऊ नका. अर्धा सेंटिमीटर खुंट ठेवा. फांदी पाण्यानं भरलेली असल्यामुळे काप वाळताना टोक मागे आक्रसतं. खुंट नसेल तर ते वाळणं डोळ्यांपर्यंत पोचतं. ठेवलेला खुंट काही आठवड्यांनी वाळून आपोआप गळतो.

पहिली छाटणी रोप रुजून जोमात आल्यावर, उबदार दिवसांत करा. उभा वाढलेला एकच दांडा असेल तर त्याची उंची अर्धी करा. हे वाचून हात अडखळेल, पण हेच करायला हवं. दोन फुटव्यांना तीन-चार जोड्या आल्या की त्यांचे शेंडे पुन्हा पहिल्या-दुसऱ्या जोडीच्या वर कापा. दोनाच्या चार, चाराच्या आठ, असं करत झाड भरत जातं. वरून फक्त शेंडे खुडत राहिलात तर वर गर्दी आणि आत अंधार होतो, म्हणून मधूनमधून आतल्या, एकमेकींवर आडव्या येणाऱ्या फांद्या फुटल्या जागेपासून कापून काढा. जड पानांच्या ओझ्यानं खाली लोंबणाऱ्या फांद्याही आखूड करा.

बोन्साय करणारे हे झाड याच गुणासाठी वापरतात. तार बांधून वळण देता येतं, पण फांदी मऊ आणि लवकर फुगणारी असल्यानं तार सालीत रुतते. आठवड्यातून एकदा तरी पाहावं लागतं. सुरुवात करणाऱ्यानं तार बाजूला ठेवून नुसत्या कात्रीनं आकार द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बुंधा जाड हवा असेल तर मात्र खालच्या एक-दोन फांद्या न छाटता मोकळ्या वाढू द्या. जितकी पानं जास्त तितका बुंधा लवकर भरतो. काम झालं की त्या फांद्या कापून टाका.

कुंडी बदलणं, खत, कीड

दोन-तीन वर्षांनी, उबदार दिवस सुरू होताना कुंडी बदला. आधी माती पूर्ण वाळू द्या, मग झाड काढा, जुनी माती झटका, वाळलेली मुळं कापा, नव्या मिश्रणात बसवा. तुटलेल्या मुळांच्या जखमा वाळायला आठवडाभर द्या, पाणी त्यानंतर.

खत फार लागत नाही. वाढीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या तीव्रतेचं संतुलित द्रवखत पुरे. थंडीत काही नाही. नत्र जास्त झालं की फांद्या लांब आणि लुसलुशीत होतात, मग पुन्हा कात्री.

पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुंजका पुसून काढा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा, कारण अंडी मागे राहतात. निंबोळी तेल फवारायचं तर आधी एका फांदीवर, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी झाड उन्हात नको. तेलकट पानं उन्हात करपतात. झाड विनाकारण मलूल दिसत असेल तर कुंडीतून उपसून मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी मेणचट पूड आहे का पाहा. तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. माती पूर्ण फेकून, मुळं धुऊन, नव्या मातीत लावावं लागतं.

पानं खायची असतील तर नव्या आणलेल्या रोपाची खाऊ नका, त्यावर काय फवारलंय ते ठाऊक नसतं. स्वतःच्या छाटणीतून वाढवलेल्या, फवारणी न केलेल्या झाडाची चार पानं कोशिंबिरीत छान आंबट लागतात.

फुलं गुलाबी, चांदणीसारखी, अगदी बारीक. जमिनीत वाढलेल्या जुन्या झुडपांवर ती दिसतात. कुंडीत आणि नेहमी छाटल्या जाणाऱ्या झाडावर क्वचितच, कारण फुलं फांद्यांच्या टोकांशी येतात आणि टोकं आपण कापत असतो. फुलं हवीच असतील तर एखादं जुनं झाड वर्षभर न छाटता पूर्ण उन्हात ठेवून पाहा. आली नाहीत म्हणून खत मात्र वाढवू नका.